एकाच आवारात, एकाच दिवशी, पाटलांची दोन लग्नं: फलक आणि छपाईच्या नियोजनाचं एक प्रकरण

लग्नातले फलक, पत्रिका आणि छपाईचं बारीकसारीक सामान यांची जुळवाजुळव करण्याचं काम मी करते. हे प्रकरण कोल्हापूरजवळच्या एका मंगल कार्यालयातलं आहे. कुटुंबांची ओळख लपावी म्हणून आडनावं आणि गावं बदलली आहेत. घडलेल्या गोष्टींचा क्रम आणि घेतलेले निर्णय मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत.

पार्श्वभूमी

दिवस अक्षय्य तृतीयेचा. साडेतीन मुहूर्तांपैकी हा एक, त्यामुळे चांगली कार्यालयं सात-आठ महिने आधीच भरतात आणि जिथे दोन सभागृहं असतात तिथे दोन लग्नं लागतात. हे कार्यालयही तसंच होतं. महामार्गालगत, सर्व्हिस रस्त्यावर एकच मोठं फाटक. आत गाड्या लावायचं मैदान, तळमजल्यावर एक सभागृह, पहिल्या मजल्यावर साधारण तेवढंच दुसरं, इमारतीच्या मागे दोन भोजनगृहं आणि बाजूला स्वागत समारंभासाठी हिरवळ.

आमचं लग्न वरच्या मजल्यावर होतं. मुलगा तासगावच्या पाटलांचा, मुलगी कोल्हापूरच्या शिंद्यांची. सुमारे 900 पाहुणे येणार होते. मुहूर्त दुपारी 12 वाजून 41 मिनिटांचा आणि संध्याकाळी हिरवळीवर स्वागत समारंभ. खालच्या सभागृहातलं लग्नही पाटलांच्याच मुलाचं, पण ते पाटील कागलचे आणि त्यांचा मुहूर्त 12 वाजून 18 मिनिटांचा. दोन्ही घरं एकमेकांच्या ओळखीची नव्हती.

काम माझ्याकडे आलं ते मुलीच्या मोठ्या बहिणीमार्फत. पत्रिका तोवर छापून झाल्या होत्या, 700. पहिली पत्रिका अंबाबाईला, दुसरी जोतिबाला ठेवून वाटपाला सुरुवातही झाली होती. माझ्याकडून अपेक्षा होती ती प्रवेशद्वाराचा फलक, सभागृहाबाहेरचा फलक, अक्षतांच्या पुड्या, जेवणाच्या पदार्थांच्या पाट्या, मुक्कामी पाहुण्यांच्या खोल्यांच्या याद्या आणि आहेराची नोंदवही एवढ्याची.

अडचण कुठे होती

कार्यालय बघायला गेले तेव्हा व्यवस्थापकांच्या टेबलावर दोन्ही लग्नांच्या पत्रिका शेजारी शेजारी पडल्या होत्या. दोन्ही लाल, दोन्हींवर सोनेरी गणपती. तारीख तीच, पत्ता तोच आणि निमंत्रक म्हणून दोन्हींवर ‘समस्त पाटील परिवार’. मजल्याचा उल्लेख कुठेच नव्हता. त्यात छापणाऱ्यांचा दोष नव्हता. आरक्षणाच्या पावतीवर कार्यालयाने फक्त ‘सभागृह’ एवढंच लिहिलं होतं आणि कुणाला वर, कुणाला खाली हे शेवटच्या महिन्यात पाहुण्यांच्या संख्येवरून ठरवलं होतं.

चुकीच्या लग्नात जाऊन बसणं ही नुसती गमतीची गोष्ट नसते. सत्तरी ओलांडलेला माणूस मे महिन्याच्या उन्हात चुकीच्या मांडवात अर्धा तास बसतो, तिथे अक्षता टाकतो आणि आपल्या भाचीच्या डोक्यावर त्या पडायच्या राहून जातात. आहेराचं पाकीट दुसऱ्याच्या टेबलावर जातं. जेवणाची ताटं भलत्याच केटररच्या हिशेबात मोजली जातात. आणि ज्या घरचं कार्य आहे त्यांना नंतर महिनाभर ‘आम्ही आलो होतो, पण तुम्ही कुठं दिसला नाहीत’ हे ऐकावं लागतं.

घरच्यांच्या मनातले फलक वेगळे होते. सजावटकाराने त्यांना एक संच दाखवला होता. आरशावर पांढऱ्या वळणदार इंग्रजी अक्षरांत नवरानवरीची नावं, विजेच्या नळीची आद्याक्षरं, मंडपातली फोटो काढण्याची चौकट आणि थर्माकोलची मोठी अक्षरं. संच देखणा होता. पण त्यातली एकही वस्तू सभागृहाच्या दाराआधी लागणार नव्हती. माणूस दारापर्यंत पोचला की त्याला फलकाची गरज जवळजवळ संपलेली असते. त्याला गरज असते ती त्याआधी, जिथे तो थबकतो तिथे.

रखवालदाराने सांगितलेली गोष्ट

सगळ्या प्रकरणाला वळण मिळालं ते फाटकावरच्या रखवालदारकाकांशी बोलल्यामुळे. मी त्यांना विचारलं, दोन लग्नं असतात त्या दिवशी लोक नेमकं काय विचारतात? ते म्हणाले, “नवरा-नवरीचं नाव कोण सांगत न्हाई ताई. गाव सांगत्यात. अमक्या गावच्या पाटलांचं लगीन कुठं हाय, असं. न्हाईतर मुलीच्या बापाचं नाव.”

मग त्यांच्याबरोबर फाटकापासून वरच्या सभागृहापर्यंत चालत गेले आणि लोक कुठे कुठे थांबतात ते त्यांच्याकडूनच दाखवून घेतलं. पहिली जागा फाटक. दुसरी, गाडी लावून चालत आल्यावर खालच्या सभागृहाचं दार समोर दिसतं ती जागा. तिथून डावीकडे वर जाणारा जिना आहे, पण तो खांबाआड येतो. बहुतेक माणसं समोरच्या उघड्या दारातच शिरतात. तिसरी, जिन्याचा मधला कठडा, म्हणजे पायऱ्यांच्या दोन टप्प्यांमधली सपाट जागा. चौथी, मागच्या बाजूची भोजनगृहं.

आमच्या आराखड्यातला सगळ्यात मोठा बदल यातूनच झाला. नवरानवरीची नावं छोटी आणि गावाचं नाव मोठं. फलकावरची पहिली ओळ ‘तासगावचे पाटील – कोल्हापूरचे शिंदे’ अशी. मुलीच्या आईला हे आधी रुचलं नाही. लेकीचं नाव फाटकावर मोठ्या अक्षरांत असावं असं कुठल्या आईला वाटणार नाही? त्यांचं म्हणणं मोलाचं होतं, म्हणून सजावटकाराच्या संचातली एक वस्तू, आरशाचा फलक, सभागृहाच्या दाराशी तशीच ठेवायचं ठरलं. फोटो तिथे निघतील, नावं तिथे झळकतील. फक्त त्यावरची अक्षरं मराठी करून घेतली, कारण आजी-आजोबांच्या पिढीला वळणदार इंग्रजी वाचता येणार नव्हतं.

कोणते पर्याय तोलले

पत्रिका पुन्हा छापायच्या का, हा पहिला प्रश्न. खर्च परवडणारा होता. पण निम्म्याहून जास्त पत्रिका घरोघरी पोचल्या होत्या आणि मुलीच्या आजोबांनी स्पष्ट नकार दिला. “देवाला एक पत्रिका आणि माणसांना दुसरी, असं नको.” हे कारण कुणी बाहेरच्याने ऐकलं तर त्याला छोटं वाटेल. त्या घरात ते निर्णायक होतं आणि माझ्या मते तसंच असायला हवं. शेवटी उरलेल्या पत्रिकांत एक अरुंद पिवळी चिठ्ठी घालायचं आणि वाटलेल्या पत्रिकांसाठी तीच चिठ्ठी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं ठरलं. चिठ्ठीवर चारच गोष्टी: गाव आणि आडनावं, पहिला मजला, डावीकडचा जिना, आणि ज्यांना जिना चढवत नाही त्यांच्यासाठी लिफ्टची जागा.

दुसरा पर्याय महामार्गावर मोठा फ्लेक्स लावण्याचा. मुलाच्या काकांचा त्यावर भर होता, कारण पुण्याकडून येणाऱ्यांचं सर्व्हिस रस्त्याचं वळण चुकतं आणि मग बरंच पुढे जाऊन परतावं लागतं. अडचण खरी होती, उपाय मात्र चालणारा नव्हता. रस्त्याच्या जागेत परवानगीशिवाय फलक लावता येत नाही, सार्वजनिक जागा विद्रूप करण्याविरुद्ध राज्यात 1995 चा कायदा आहे, आणि झाडाला खिळे ठोकून फलक लावणं तर मनालाही पटत नाही. त्याऐवजी नकाशाच्या अ‍ॅपवरची खूण तपासली, तर ती कार्यालयाच्या मागच्या, कायम बंद असणाऱ्या दारावर निघाली. खरी गोम इथे होती. फाटकासमोर उभं राहून योग्य ठिकाणाचा दुवा घेतला आणि तोच चिठ्ठीसोबत पाठवला. वळणाआधीची ठळक खूण शब्दांतही लिहिली, कारण गाडी चालवणाऱ्याला बरेचदा शेजारी बसलेलं माणूस वाचून दाखवत असतं.

तिसरा पर्याय, फलकांवर पैसे घालण्यापेक्षा जागोजागी माणसं उभी करायची. लग्नघरात माणसांची कमतरता नसते, पण ज्यांना उभं करायचं तेच भाचे-पुतणे मुहूर्ताच्या वेळी बोहल्याजवळ हवे असतात. नेमकी गर्दी असते त्याच अर्ध्या तासात ही जागा रिकामी पडते. म्हणून माणसं जोडीला ठेवली, मुख्य आधार म्हणून नाही.

चौथा पर्याय घरच्यांना सगळ्यात अवघड वाटत होता. तो म्हणजे कागलच्या पाटलांशी बोलणं. ‘त्यांचं ते बघतील, आपलं आपण बघू’ असा सूर होता. पण एकाच फाटकावर दोन घरांनी आपापले फलक लावले असते तर मोठ्या फलकाची चढाओढ झाली असती आणि पाहुण्याला दोन्हींपैकी एकही नीट वाचता आला नसता. शेवटी मुलीच्या वडिलांनी स्वतः फोन केला. समोरून लगेच होकार आला, त्यांनाही हीच धास्ती होती.

काय ठरवलं आणि कसं केलं

दोन्ही घरांनी मिळून फाटकावर एकच फलक लावायचं ठरवलं, मधून उभा दुभागलेला. दोन्ही बाजूंची मांडणी सारखी, अक्षरांची उंची सारखी. फरक रंगाचा आणि चिन्हाचा. आधी लाल आणि हिरवा असे रंग सुचवले गेले होते. लाल-हिरव्यातला फरक काही पुरुषांना नीट दिसत नाही, म्हणून ती जोडी सोडली. आमचा रंग हळदीचा पिवळा, त्यावर काळी अक्षरं आणि कलश. त्यांचा गडद हिरवा, त्यावर पांढरी अक्षरं आणि आंब्याचं पान. हाच रंग आणि हेच चिन्ह पुढे जिना, आहेराचं टेबल, अक्षतांच्या पुड्या, भोजनगृहाचं दार, सगळीकडे न्यायचं. अक्षर न वाचणारा माणूसही पिवळ्यामागे पिवळं धरून पोचला पाहिजे, एवढाच हेतू.

अक्षरांच्या आकाराबद्दल थोडं सविस्तर सांगते. इंग्रजी फलकांसाठी एक ठोकताळा वापरला जातो: 10 फुटांवरून आरामात वाचायचं असेल तर अक्षर किमान 1 इंच उंच हवं. आमच्या फाटकावर गाडीतला माणूस सुमारे 40 फुटांवरून वाचणार होता, म्हणजे अक्षर 4 इंचांचं. पण देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांट्या, रफार आणि खाली उकार येतात. 4 इंच हे मधल्या अक्षराचं माप धरलं तर एका ओळीला प्रत्यक्षात सहा-सात इंच लागतात. ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो आणि लांबून सगळं गिचमिड दिसतं. म्हणून प्रत्येक अर्ध्या भागात तीनच ओळी ठेवल्या. गाव-आडनावं, मजला, आणि बाणासह जिन्याची दिशा. ‘सहर्ष स्वागत’ ही ओळ काढावी लागली. त्यावर चर्चा झाली, पण जागेपुढे इलाज नव्हता.

सामानाच्या निवडीत कायद्याचा भागही होता. 1 जुलै 2022 पासून देशभर एकदाच वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे. त्यात सजावटीचं थर्माकोल येतं, 100 मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक किंवा पीव्हीसीचे बॅनर येतात आणि निमंत्रणपत्रिकांवर गुंडाळायचा पारदर्शक कागदही येतो. महाराष्ट्रात तर 2018 पासूनच थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे. थर्माकोलची अक्षरं आणि पत्रिकांची वेष्टनं त्यामुळे बादच झाली. फाटकाचा फलक छापील कापडाचा केला, लोखंडी चौकटीत चारही बाजूंनी ताणून बांधलेला. आतले फलक 5 मिलिमीटर जाडीच्या सनबोर्डवर, म्हणजे फोमच्या हलक्या फळीवर, आणि पदार्थांच्या पाट्या 300 जीएसएमच्या जाड कागदावर.

मजकूर छापखान्यात गेला तेव्हा नेहमीची अडचण आली. घरच्यांनी मजकूर फोनवर युनिकोडमध्ये, म्हणजे फोन-संगणकावर सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, टाइप केलेला. छापखान्यात काम जुन्या फॉन्टमध्ये, जिथे तो मजकूर चिकटवला की जोडाक्षरं फुटतात. मग तिथला ऑपरेटर सगळं पुन्हा टाइप करतो आणि नवीन चुका येतात. आमच्या ‘पायऱ्या जपून चढा’ या पाटीवर ‘पायर्या’ आलं. याहून गंभीर गोष्ट आरशाच्या फलकाच्या मजकुरात घडली. तिथे आजी-आजोबांची नावं होती. एक ओळ पुढे सरकली आणि ‘कै.’ हे अक्षर हयात असलेल्या चुलत आजोबांच्या नावामागे जाऊन बसलं. ते पकडलं मुलाच्या आत्याने, कच्च्या छापील प्रतीवर. फोनवर आलेल्या छोट्या चित्रात ते चार जणांच्या नजरेतून निसटलं होतं.

तेव्हापासून दोन गोष्टी पक्क्या केल्या. मजकूर आमच्याकडेच युनिकोडमध्ये मांडून, अक्षरांच्या बाह्यरेषा करून, म्हणजे अक्षरं चित्रासारखी पक्की करून, पीडीएफ द्यायचं, म्हणजे छापखान्यात काहीच बदलत नाही. आणि नावांची तपासणी कागदावर, दोन्ही घरांतल्या अशा व्यक्तीकडून करून घ्यायची जिला नातीगोती आणि कोण हयात आहे, कोण नाही हे तोंडपाठ आहे. शुद्धलेखन मला तपासता येतं, नातं तपासता येत नाही.

पदार्थांच्या पाट्यांबद्दल एक गोष्ट नमूद करायलाच हवी. आपल्याकडच्या भाज्या-कोशिंबिरींत शेंगदाण्याचं कूट सर्रास असतं आणि स्वागत समारंभाला येणाऱ्या मुलाच्या एका सहकाऱ्याला शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी होती. म्हणून प्रत्येक पाटीवर पदार्थाच्या नावाखाली ‘कूट आहे’ किंवा ‘कूट नाही’ आणि ‘कांदा-लसूण नाही’ असं लिहायचं ठरलं. त्यासाठी आचाऱ्यांबरोबर बसून एकेक पदार्थ विचारून घेतला. पदार्थांच्या यादीवरून हे कळत नाही. काकडीच्या कोशिंबिरीत कूट असणार हे उघड आहे, पण एका रस्साभाजीच्या वाटणातही ते निघालं.

फलकांची जबाबदारी कुणाकडे, हा निर्णय शेवटी झाला आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मुलीच्या एका मामेभावाकडे ती दिली. तो ना करवल्यांमध्ये होता ना विधींमध्ये, आणि अंतरपाट धरायलाही नव्हता. त्याच्याकडे एक पेटी दिली. जाड मार्कर, सुतळी, कात्री, दुहेरी चिकटपट्टी आणि कोरे पिवळे पुठ्ठे.

लग्नाच्या दिवशी

सकाळी फाटकावर काम चोख झालं. अकराच्या सुमाराला गाड्यांची रांग लागली तरी रखवालदारकाकांना दिशा सांगावी लागत होती ती मोजक्याच लोकांना. पुण्याकडून आलेल्यांनाही नव्या दुव्यामुळे वळण सापडलं. खालच्या सभागृहाच्या दारासमोर पिवळा बाण आणि कलश उभा होता आणि बहुतेक माणसं तिथूनच डावीकडे वळत होती.

अडखळलं ते जिन्याच्या कठड्यावर. रखवालदारकाकांनी ती जागा दाखवली होती, तरी आराखड्यात तिथे फलक नव्हता. आम्ही सगळ्यांनी गृहीत धरलं की जिन्यावर चढायला लागलेला माणूस वरच जाणार. पण त्या कठड्यावरून एक दार वधूपक्षाच्या खोल्यांकडे उघडतं आणि त्या दिवशी ते सामानाच्या ने-आणीसाठी सताड उघडं होतं. पाहुणे सरळ नवरीच्या खोलीपर्यंत जाऊ लागले. मामेभावाने पिवळ्या पुठ्ठ्यावर मार्करने ‘सभागृह आणखी वर’ आणि बाण काढून कठड्यावर बांधला. हाताने लिहिलेली ती पाटी छापील पाट्यांइतकीच चालली.

दुसरा घोळ जेवणाच्या वेळी झाला. खालचं लग्न तेवीस मिनिटं आधी लागलं, त्यामुळे त्यांचे पाहुणे आधी मागे गेले आणि पहिलं दिसलं त्या भोजनगृहात, म्हणजे आमच्याकडे, शिरले. आमच्या दारावर पिवळी पट्टी होती, पण ती दाराच्या फळीवर लावलेली. फळ्या पूर्ण उघडल्यावर पट्टी भिंतीकडे गेली आणि दिसेनाशी झाली. लावताना दार बंद होतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात येईपर्यंत बरीच ताटं वाढली गेली होती. बसलेल्या माणसाला ताटावरून उठवायचं नाही, हे मुलीच्या वडिलांनी तिथेच ठरवलं. पट्टी काढून दाराच्या चौकटीच्या वर बांधली, एक पुतण्या पुठ्ठा घेऊन उभा राहिला आणि पुढची पंगत सुरळीत झाली.

चारनंतर आभाळ भरून आलं. कोल्हापूरकडे या दिवसांत वळवाचा भरवसा नसतो. मामेभावाने वारं सुटायच्या आधीच हिरवळीवरचे स्टँडवरचे फलक आत घेतले, त्यामुळे ते वाचले. कापडी फलक चौकटीत भिजला, वाळला आणि संध्याकाळी तसाच उभा होता. पदार्थांच्या पाट्या मात्र बुफेच्या टेबलांवर आधीच मांडून ठेवलेल्या होत्या. त्या ओल्या होऊन फुगल्या. कूट असलेल्या पदार्थांच्या पाट्या आधी, मग बाकीच्या, असं ठरवून हाताने पुन्हा लिहून काढल्या. यादी आचाऱ्यांकडून घेतलेली आणि जपून ठेवलेली होती म्हणूनच हे शक्य झालं.

परिणाम

आहेराच्या बाबतीत दोन्ही घरांनी आधीच ठरवलं होतं की संध्याकाळी नोंदवह्या एकमेकांना दाखवायच्या. दोन्ही पत्रिकांवर ‘आहेर आणू नये’ ही ओळ होती, पण पाकिटं येतातच. पडताळणीत काही पाकिटं या टेबलावरून त्या टेबलावर गेली आणि तीही न उघडता, वरचं नाव पाहून. एकमेकांची ओळख नसलेल्या दोन घरांत हे इतक्या सहज झालं, ते आधीच्या त्या एका फोनमुळे. ताटांचा हिशेब थोडा जास्त वेळ चालला. दोन्हीकडचे केटरर वेगळे आणि दर ताटाचा भाव वेगळा. दोन्ही वडिलांनी बसून अंदाजाने फरक वाटून घेतला. आकडा दोघांनाही पूर्ण पटला होता असं नाही, पण तो मान्य झाला.

मुलाच्या सहकाऱ्याने पाट्या वाचूनच जेवण घेतलं आणि त्याला काही त्रास झाला नाही. याशिवाय उपवास करणाऱ्या आणि कांदा-लसूण न खाणाऱ्या बायकांनी त्या पाट्या सर्वांत जास्त वाचल्या, असं वाढप्यांनी सांगितलं. माझ्या मते त्या दिवशीच्या सगळ्या छापील सामानात याच पाट्यांनी सगळ्यात जास्त काम केलं. आणि खर्च सगळ्यात कमी त्यांच्यावरच झाला होता.

आरशाच्या फलकासमोर फोटोंची रांग लागली होती. मुलीच्या आईचा तो आग्रह मोडून काढला नाही हे बरं झालं.

पुन्हा असं काम आलं तर

सुरुवात पत्रिकेच्या आधी करायला हवी. कार्यालय ठरवताना पावतीवर मजला किंवा सभागृहाचा क्रमांक लिहून मागायचा, आणि त्या तारखेला आवारात दुसरं कोणाचं कार्य आहे हे विचारायचं. आडनाव जुळत असेल तर पत्रिकेच्या दर्शनी भागावरच गाव छापायचं आणि पत्रिकेचा रंग बदलायचा. हे सगळं पत्रिका देवाला ठेवण्याच्या आधी व्हायला हवं, कारण त्यानंतर तिला हात लावणं आमच्यासारख्यांच्या हातात राहत नाही.

जागेची पाहणी रिकाम्या इमारतीत करून भागत नाही. आदल्या दिवशी, हळदीच्या गडबडीत, सगळी दारं जशी उद्या उघडी असतील तशी उघडी ठेवून पुन्हा एकदा फाटकापासून चालत जायला हवं. शक्यतो घरातल्या एखाद्या वयस्कर माणसाला, ज्याने कार्यालय आधी पाहिलेलं नाही, बरोबर घेऊन. काहीही सांगायचं नाही, फक्त मागून चालायचं आणि तो कुठे थांबतो ते टिपायचं. तसं केलं असतं तर कठड्यावरचं दार आणि भोजनगृहाची फळी, दोन्ही गोष्टी तिथेच सापडल्या असत्या.

परतीच्या वाटेचा विचार आराखड्यात अजिबात नव्हता. जेवून बाहेर पडलेल्या पाहुण्यांना गाड्यांकडे जायचा रस्ता इमारतीला पूर्ण वळसा घालून होता आणि तिथे एकही बाण नव्हता. दोन बाण पुरले असते. उघड्यावर ठेवायच्या पाट्या साध्या कागदावर न छापता ओल न लागणाऱ्या कागदावर छापाव्यात, किंवा सरळ पाटी-खडूच वापरावा. पाटीवर पदार्थ ऐनवेळी बदलला तरी पुसून लिहिता येतो.

भोजनगृहांच्या बाबतीत मला अजून समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही. दोन पंगतींत अर्ध्या तासाचं अंतर ठेवता आलं तर गोंधळ टळेल, पण मुहूर्त पंचांगावरून ठरतात आणि भुकेल्या पाहुण्याला थांबवून ठेवणं कुणालाच रुचत नाही. एकच केटरर दोन्ही घरांनी मिळून नेमला तर ताटांचा हिशेब सोपा होईल. मात्र जेवणाचे पदार्थ आणि आचारी हा प्रत्येक घराच्या मानाचा प्रश्न असतो, तिथे किती घरं तयार होतील हे मला सांगता येत नाही. कार्यालयाने त्या हंगामानंतर पावतीवर मजला लिहायला सुरुवात केली आहे आणि जिन्याच्या कठड्यावर रंगवलेला कायमचा बाण आला आहे. भोजनगृहांच्या दारांवरच्या पाट्या मात्र अजूनही फळ्यांवरच आहेत. पुढच्या कामाला तिथे गेले की त्या आधी चौकटीवर हलवून घेणार आहे.